ओढ्याच्या तोंडाशी

६ फेब्रुवारी २०१९, बुधवार

सकाळी फिरायला म्हणून भालवाडीच्या तळ्यावर गेले आणि फिरणं राहूनच गेलं. काठाला हातभर रुंदीचा पांढरा पट्टा दिसत होता. लांबून वाटलं, साबणाचा फेस असेल. जवळ गेले तर मासे. पोटं वर करून पडलेले कटले, रोहू, काही तर दोन-अडीच किलोचे. आमच्या सोसायटीच्या मागचा ओढा जिथं तळ्याला मिळतो, त्या तोंडाशी तर पाणीच दिसत नव्हतं.

काठावर पंचवीस-तीस माणसं जमली होती आणि त्यांच्या मधोमध एक म्हातारी उभी होती. कपाळाला भंडारा, हातात काठी, मागं मेंढरं. तळ्यात मासे सोडणाऱ्या गावच्या संस्थेचे अध्यक्ष कडूबा तिच्यावर ओरडत होते.

"गोचिडाचं औषध कालवलं पाण्यात! परवा मेंढरं धुतली का नाय तुमी?"

"धुतली. पर पाण्यापसून लांब, माळावर."

"मग मासे काय आपोआप मेले?"

ती म्हणाली, "माझी मेंढरं हेच पाणी पितेत. ती कशी उभी हायत मग?"

कडूबा पुन्हा तेच ओरडू लागले. मलाही त्या पाण्याबद्दल दोन शब्द सांगता आले असते. एकतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. पाण्यातला प्राणवायू मोजायचा प्रयोग मी किती तुकड्यांसाठी मांडून दिला त्याची गणती नाही. पण तिथं उत्तर देणं हे कधीच माझं काम नव्हतं. माझं काम द्रावणं तयार ठेवायचं आणि नंतर काचसामान धुवायचं. आजही मी बघत उभी राहिले आणि घरी आले. लिहिताना लाज वाटते.

७ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा गेले. म्हातारीचं नाव पुतळाबाई. तिचा मुलगा बिरू, सून आणि शंभराच्या आत-बाहेर मेंढरं. दर दुष्काळात ही माणसं या तळ्यावर बिऱ्हाड टाकतात. यंदा पंधरा कोसांत दुसरं पाणी उरलेलं नाही. गावानं त्यांना दहा दिवसांत उठायला सांगितलंय.

मी विचारलं, "सगळेच मासे मेले का?"

"नाय बाई. मरळ जित्ती हाय की. ती बघा, त्या दगडाखाली."

खरंच होती. मरळ पाण्यावर तोंड काढून हवा घेते, ती पाण्यातल्या प्राणवायूवर अवलंबून नसते. विष असतं तर तिनंही मान टाकली असती.

पुतळाबाई आणखी एक म्हणाली. मासे मरायच्या आधी पहाटे सगळे वर आले होते आणि तोंडं उघडून भुक्क-भुक्क करत होते. "दम लागल्यावानी."

म्हणजे ते गुदमरले.

संध्याकाळी श्रीधरला सांगितलं. (डायरीत नाव लिहिते, तोंडानं अजून 'अहो'च.) तो म्हणाला, "मग मोज ना. तुला येतं की." एवढ्या सहज म्हणाला, की मी रात्रीची भाजी करता करता ठरवूनच टाकलं.

१० फेब्रुवारी, रविवार

काल कॉलेजातून रसायनं, ब्युरेट आणि घट्ट बुचाच्या बारा बाटल्या आणल्या. विभागप्रमुखांनी बिनतक्रार दिल्या. खोकं श्रीधरनं तीन मजले उचलून आणलं. गॅलरीत टेबल मांडून दिलं आणि वर म्हणाला, "प्रयोगशाळेचं उद्घाटन कुणाच्या हस्ते?" नोव्हेंबरात मुकुंदवाडीचं घर सोडून या नव्या सोसायटीत आल्यापासून तो एवढा मोकळा हसलेला पाहिला नव्हता. सचिव झाल्यापासून त्याच्या डोक्याला काय कमी ताप आहे? इथं शहराचा नळ आलेला नाही, ड्रेनेजची लाइनही नाही. पाण्याचे टँकर रोज सकाळी. टाकीतला मैला उपसणारा टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी. त्या वेळी सगळ्या चौऱ्याऐंशी घरांच्या खिडक्या बंद. हे सगळं श्रीधरनंच बसवून दिलं. लोक नाव काढतात त्याचं.

पहाटे साडेपाचला स्कूटीवर तळ्यावर पोचले. बाटली पाण्याखाली धरूनच भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग दोन रसायनं टाकायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. बिरू कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि दगड बांधलेली बाटली तळाशी सोडून दोरीनं तिचं बूच उपसलं. बांधाजवळचं पाणी तपकिरी आलं. ओढ्याच्या तोंडाशी वरचं पाणी फिकट, आणि तळाचं दुधासारखं पांढरं.

पुतळाबाईनं ती बाटली उजेडाकडे धरून विचारलं, "हे चांगलं का वंगाळ?"

"वंगाळ."

"मग आमचं औषध हाय त्यात?"

"ते नाही सांगता येत यावरून. एवढंच कळतं की इथं श्वास घ्यायला काही नाही."

ती म्हणाली, "एवढं तरी कुणी सांगितलं."

११ फेब्रुवारी, सोमवार

वैदेहीचा फोन. आमची लेक काकिनाड्याला समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करते, गोदावरी जिथं समुद्राला मिळते तिथं. आजवर ती काय करते हे मी नीट विचारलंच नव्हतं. आज माझे आकडे सांगितले तर पोरगी ओरडलीच. "आई, हेच तर मी मोजते!"

मग अर्धा तास बोलत होती. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. नदीबरोबर शेतातलं खत आणि गावांचं सांडपाणी येतं. वरचं पाणी शेवाळानं हिरवं होतं. ते शेवाळ मरून खाली पडतं, कुजतं, आणि कुजताना खालच्या पाण्यातला प्राणवायू संपवतं. मधे ती साय असल्यानं वरची हवा खाली पोचत नाही. "दुष्काळात तुमचं पाणी इथवर पोचत नाही, म्हणून तुमच्या तळ्यातच माझा समुद्र झालाय."

"पण इथं खारं पाणी कुठंय?"

"ऊन आहे ना. वरचं पाणी तापतं, खालचं गार. तेही मिसळत नाहीत. आणि ऐक, शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री घेतं. म्हणून पहाटे मोज. ढगाळ असेल तर नक्की मोज."

बुधवारच्या आधी दोन दिवस आभाळ होतं.

मी विचारलं, "म्हणजे यातलं नेमकं कोण दोषी?"

ती म्हणाली, "आई, एकच आरोपी धरून बसू नकोस."

१७ फेब्रुवारी, रविवार

आज वाईट दिवस. कडूबांकडं आकडे घेऊन गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चहाही दिला. मग म्हणाले, "ताई, तुमचा हिशोब तुमच्यापाशी. पर बिरूला इचारा, सोमवारी ड्रम कुठं इसळला ते."

मी बिरूला विचारलं. तो जमिनीकडं बघत राहिला. पुतळाबाईनंच सांगितलं. मेंढरं माळावर धुतली हे खरं, पण औषधाचा रिकामा ड्रम बिरूनं तळ्यात विसळला होता. मासे मरायच्या दोन दिवस आधी.

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी आल्या असता का?"

एका ड्रमच्या विसळणीनं एवढं तळं मरत नाही, असं मन म्हणतं. पण तिथल्या तिथं, ओढ्याच्या तोंडाशी? ते औषध माशांना फार थोडंसंही पुरतं, हे मला माहीत आहे. आणि औषध मोजायचं साधन माझ्याकडं नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर गेले नाही. मंगळवारी मेंढरं उठवली, असं दूधवाल्याकडून कळलं. करमाडच्या पुढं कुठं तरी माळावर आहेत. पाणी विकत घेऊन मेंढरांना पाजतात म्हणे.

बाटल्या गॅलरीत तशाच. श्रीधर म्हणाला, "झालं का समाधान? आता जरा पायांना आराम दे." बोलताना त्याला हायसं वाटल्यासारखं वाटलं. माझी काळजी करतो.

२ मार्च, शनिवार

मासे पुन्हा मेले!

काल दिवसभर ढग, वारा नाही. रात्रभर वैदेहीचं वाक्य डोक्यात होतं. पावणेपाचला उठले. तळ्यावर पोचले तेव्हा उरलेसुरले रोहू वर येऊन तोंडं उघडत होते. माझ्या डोळ्यांदेखत उजाडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत ते आडवे झाले. ओढ्याच्या तोंडाशी वरच्या पाण्यात लिटरमागं अर्धा मिलिग्रॅमसुद्धा प्राणवायू नाही. माशाला चार-पाच तरी लागतो.

मेंढरं अकरा दिवसांपूर्वी गेली आहेत. ड्रमही गेला, औषधही गेलं. मग आज कोणी मारले?

बिरूला फोन लावला. त्यानं फोन आईकडं दिला. मी सांगितलं. ती म्हणाली, "मासे मेले हे वाईट झालं. पर बरं झालं." मग लगेच, "असं बोलू नाय, पर बरं झालं."

दोन आठवडे मी तिला खोटी समजत होते. उद्यापासून रोज पहाटे जाणार. ताप आला तरी.

४ मार्च, सोमवार

श्रीधरशी बोलले. माझा संशय वरच्या अंगाच्या कारखान्यांवर. ओढा कोरडा ठणठणीत असायला हवा, तरी त्यात काळं पाणी वाहतंय. ते येतं कुठून? तो लगेच म्हणाला, "कारखानाच असणार. दुसरं काय?" नंतर जेवताना विचारलं, "आकडे कुणाला दाखवलेस का अजून?"

म्हटलं, एकदा पुरावा पक्का झाला की सगळ्यांना दाखवणार.

१४ मार्च, गुरुवार

बारा दिवसांचे आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेखाली लिहिले आणि हात थांबला. रोजच वाईट, पण बुधवार आणि शनिवार सगळ्यांत वाईट. दर खेपेला. रविवारी थोडं सुधारतं, मंगळवारी पहाटे आणखी थोडं, आणि बुधवारी पुन्हा तळ.

म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी कोणी तरी काही तरी ओढ्यात सोडतं. सापडला! कारखान्याचा सांडपाणी सोडायचा वार ठरलेला असणार. वैदेहीला कळवलं. ती म्हणाली, "शाब्बास! पण त्या दिवशी वर जाऊन स्वतः बघ. आकड्यावरून माणूस धरू नकोस."

तळ्याच्या काठानं आज पहिल्यांदा पूर्ण चक्कर मारली. पाणी आटलंय तिथल्या उघड्या गाळात कांदा लावलाय, आणि गाळाच्या कडेला युरियाची रिकामी पोती. ते खत पाटानं सरळ तळ्यात उतरतं. कांदा कुणाचा म्हणून विचारलं तर कडूबांचा. हेही लिहून ठेवलं.

श्रीधर आजकाल जेवत नाही नीट. "एवढं खोलात कशाला जातेस?" म्हणाला. मी म्हटलं, तुम्हीच तर म्हणालात मोज.

२२ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी सहापासून ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसून होते. कारखान्याच्या गाडीची वाट बघत.

साडेसहाला एक टँकर आला आणि मागं मागं घेत कडेला लागला. चालक खाली उतरला, मला बघितलं आणि हसला. आमचाच मोतीराम! सोसायटीच्या फाटकात दर वेळी नमस्ते करणारा.

"अरे मॅडम, तुम्ही इथं? स्कूटी बंद पडली का?"

मी काही बोलायच्या आत त्यानं पाइप ओढ्यात सोडून नळ उघडला. जणू झाडांना पाणी घालतोय. तो वास मला ओळखीचा होता. या वासासाठीच आम्ही खिडक्या लावतो.

"इथंच सोडता?"

"तो कहाँ? शहराच्या मैलापाण्याच्या प्लांटवर दोन-दोन घंटे नंबर लागत नाय. और डिझेल? पहिल्याच महिन्यात साहेबांना सांगितलं ना मी."

"कोणत्या साहेबांना?"

"आपल्याच साहेबांना." त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "मॅडम, मी एकटा नाय हां. इकडच्या सगळ्या नव्या सोसायट्यांच्या गाड्या इथंच येतात. मंगळ आणि जुम्मा."

टँकर रिकामा होईपर्यंत मी बसून राहिले. मग खाली उतरून बाटली भरली. बुडबुडा राहू दिला नाही.

चार महिने मंगळवार-शुक्रवार मीच खिडक्या लावत होते. या डायरीत मीच लिहिलंय. मागची पानं आत्ता वाचली. इतकं समोर होतं.

२३ मार्च, शनिवार

श्रीधरसमोर बाटली ठेवली. तळाशी पांढरा साका. त्यानं ती हातात घेतली आणि परत ठेवली.

म्हणाला, "मैला प्लांटवर नेऊ, असं मला लिहून हवं होतं. ते टँकरवाल्यानं लिहून दिलं. मी कागद फाइलला लावला."

"आणि खरं?"

"खरं मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं तेव्हा ऐकलं नाही असं केलं."

"पुतळाबाईला हाकललं तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"मासे त्यानं मरतात हे तेव्हा नव्हतं माहीत. देवाशपथ. तू बुधवार-शनिवार म्हणालीस ना, तेव्हा कळलं."

म्हणजे आठवडाभर. आठवडाभर तो माझ्यासमोर बसून पोळी मोडत होता.

मी म्हटलं, गावात जाऊन सांगणार. तो म्हणाला, "माझं नाव येईल, उमा. अडतीस वर्षं सरकारी कचेरीत कुणी बोट दाखवलं नाही. कागद बरोबर ठेवला की झोप लागायची."

"माझंही नाव येईल. मी त्याच घरात राहते."

दिवसभर बोललो नाही. मला त्याचा राग आलाय आणि कीवही येते, आणि दोन्ही मला नको आहेत.

३१ मार्च, रविवार

सोसायटीची सभा. आकडे वाचून दाखवले. एक जण म्हणाला, आपण टॅक्स भरतो, हे बघणं महापालिकेचं काम. दुसरा म्हणाला, मेंढरांसाठी चौऱ्याऐंशी घरं वेठीला का धरता? एवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या आशाबाईंनी सरळ विचारलं, "उमाताई, तुमचं पटतं. पण मग टाकी उपसून टाकायची कुठं? तेवढं सांगा."

तोच खरा प्रश्न होता. सभा तशीच उठली. कोणताच ठराव झाला नाही.

पुढच्या रविवारी भालवाडीत पाराजवळ बैठक ठरवली आहे. कडूबांना कळवलं. बिरूलाही. श्रीधरला सांगितलं, तुम्ही आला नाहीत तरी चालेल.

७ एप्रिल, रविवार

जसं झालं तसं लिहून ठेवते.

पारावर साठेक माणसं. पुतळाबाई आणि बिरू पहाटे निघून चालत आले होते, पण पाराखाली, बाजूलाच उभे राहिले. मला कुणासमोर बोलायची सवय नाही. मग मी सरळ बाटल्या मांडल्या आणि पोरांना दाखवायचे तसं दाखवलं. हे बांधाजवळचं पाणी, हे ओढ्याच्या तोंडाचं. मासे विषानं मेले नाहीत, दम कोंडून मेले. मेंढरं गेल्यावर अकरा दिवसांनी पुन्हा मेले, ते मी उभी राहून बघितले.

कडूबा म्हणाले, "मग दम कुणी कोंडला?"

"आम्ही," मी म्हटलं. "आमच्या सोसायटीचा मैला दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुमच्या ओढ्यात पडतो. आणखी सोसायट्यांचाही पडतो, पण मी माझीच नावानिशी सांगते."

एकदम गलका झाला. एक जण पुढं येऊन म्हणाला, "आमी पितो ते पाणी! जनावरं पितेत!" मी मान हलवून हो म्हटलं. कारण तो खरं बोलत होता. जरा शांत झाल्यावर उरलेलं सांगितलं. पाऊस नसल्यानं तळं आटलं, थोड्या पाण्यात घाण जास्त झाली. त्यात गाळातल्या कांद्याचा युरिया उतरतो आणि त्यावर शेवाळ माजतं.

कडूबांचा चेहरा बदलला. "म्हंजी आमीच आमचे मासे मारले व्हय?"

"तुमचा वाटा आहे. आमचा मोठा आहे."

"हे कुणी ठरवलं? तुमी?"

तेवढ्यात मागून आवाज आला. "सोसायटीचा सचिव मी आहे." श्रीधर. कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. हातात ती फाइल होती. म्हणाला, "टँकरवाल्यानं मला सांगितलं होतं. मी दुर्लक्ष केलं. या बाईंचा यात काही दोष नाही." फाइल त्यानं पारावर ठेवली आणि दोन्ही हात जोडून तसाच उभा राहिला.

कुणी त्याला मारतं की काय असं मला वाटलं. कुणी मारलं नाही. कुणी बसही म्हणालं नाही.

मग पुतळाबाई पाराजवळ आली. काठी टेकत, सावकाश. कडूबांसमोर थांबली.

"ड्रम इसळला ती आमची चूक. ती म्या कबूल करते. ह्या लोकांनी आपलं नाव आपून घेतलं. तुमी सगळ्या गावासमोर माझं नाव घेतलं होतं, कडूबा. ते सगळ्यासमोर माघारी घ्या."

कडूबा आधी इकडंतिकडं बघत होते. मग टोपी काढून हातात घेतली. "माघारी घेतलं, आक्का. मेंढरं आणा तळ्यावर."

"नाय आणत," ती म्हणाली. "पाणी नासलंय. त्या बाई चांगलं म्हणतील तवा आणीन."

९ एप्रिल, मंगळवार

गावानं पुलावर बैलगाड्या आडव्या लावल्या. एकही टँकर गेला नाही.

१३ एप्रिल, शनिवार

आमची टाकी भरून वाहू लागली. खिडक्या लावून भागेना. जिन्यात लोक मला बघून तोंड फिरवतात. आज आशाबाईंनी मात्र वाटीभर कोशिंबीर आणून दिली आणि म्हणाल्या, "आता तरी लवकर ठरेल."

ठरलंही. सकाळी तातडीची सभा घेऊन चार सोसायट्यांनी मिळून दुपारी महापालिकेला अर्ज दिला. आमचे टँकर प्लांटनं वेळ ठरवून घ्यावेत, आणि इथं एक छोटं शुद्धीकरण केंद्र बसवावं. अर्जाचा मसुदा श्रीधरचा. कागद लिहावा तर त्यानंच.

२३ एप्रिल, मंगळवार

मतदान करून आलो. संध्याकाळी श्रीधर टँकरमध्ये, मोतीरामच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसून प्लांटला गेला. गेल्या मंगळवारपासून दर खेपेला जातो. "मी बघितल्याशिवाय सही करणार नाही," म्हणतो. आज साडेतीन तासांनी आला. आंघोळ केली तरी वास येत होता. मी ताट वाढलं. शेजारी बसले. बऱ्याच दिवसांनी आम्ही बोललो. वैदेहीबद्दल, मुकुंदवाडीच्या जुन्या शेजाऱ्यांबद्दल. तळ्याबद्दल नाही.

१२ मे, रविवार

आकडे खरे तेच लिहायचे, म्हणून हेही. ओढ्याच्या तोंडाशी वरच्या पाण्यात आता पहाटे लिटरमागं तीन मिलिग्रॅमपर्यंत प्राणवायू येतो. बुधवार आणि इतर वार यांत फरक उरलेला नाही. पण तळाशी अजून शून्य. वैदेही म्हणते, खाली साचलंय ते कुजत राहील, आणि तोवर पाण्यातला प्राणवायू खात राहील. एक चांगला पावसाळा लागेल, कदाचित दोन.

कांदा निघाला. तळ्याच्या कडेनं पंचवीस पावलं जागा मोकळी सोडतो, असं कडूबांनी कबूल केलंय. दुसऱ्या दोघांनी नाही केलं. कडूबांनी स्वतः बाटली भरायला शिकून घेतली आहे. पहिल्या तीन खेपांना बुडबुडा राहिला. चौथ्या खेपेला मला हाक मारून दाखवली.

११ जून, मंगळवार

मृग लागला, पाऊस नाही.

दुपारी बिरूच्या फोनवरून पुतळाबाई. मेंढरं घेऊन सोयगावच्या अंगाला गेलेत. चार मेंढरं वाटेत गेली, असं तिनं सांगितलं आणि पुढं बोलली. मला वाटलं, भालवाडीच्या पाण्याचं विचारेल. मी आकडा सांगायला तयार होते. तिनं विचारलंच नाही.

"इथं एक तळं हाय," ती म्हणाली. "गावचा नाला पडतो त्यात. काल पहाटं मासे वर आले होते, तोंडं उघडून. अजून मेले नाईत."

"लोक काय म्हणतात?"

"काय म्हणायचे? पल्याड पारध्यांची दोन पालं हायत. त्यांच्याकडं बघायलेत."

श्रीधरला सांगितलं. त्यानं काही न विचारता कपाटातून मोठी पिशवी काढली आणि सोयगावची पहिली एसटी किती वाजता आहे ते विचारायला स्टँडवर फोन लावला. फोन चालूच होता; मी पुतळाबाईला म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत पोचतो."

"दुपारी नगं," ती म्हणाली. आतापर्यंत मला ती 'तुमी' म्हणायची. "सकाळीच ये. कुणावर आळ यायच्या आत ये."